घंटेची जागा

३ ऑक्टोबर

चि. रंगोबास,
ताईचे भरभरून आशीर्वाद, आणि कार्ड उशिरा पाठवल्याबद्दल एक कानपिळी.

कार्ड काल मिळालं. कागद जाड, कड सोनेरी, आणि आत तुझं नाव इतक्या बारीक अक्षरात की ह्यांनी दोनदा चष्मा पुसला. पन्नाशी उलटल्यावर का होईना, तुझं एकट्याचं पहिलं प्रदर्शन भरतंय याचा मला किती आनंद झालाय ते लिहून कळायचं नाही. खरं तर हे दुसरं. पहिलं तू पाच वर्षांचा असताना स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने भरवलं होतंस. तेव्हा प्रेक्षक मी एकटीच होते, हातात ओलं फडकं घेऊन.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीनवरून उठायला फुरसत नाही. छापखान्यात ह्यांची पाळी बदलली, त्यामुळे दिवसा एकजण झोपलेला आणि दुसरी चोरपावलांनी फिरणारी, असा आमचा संसार चाललाय. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस आणि मागे कोणीतरी हातोडी मारत असतं. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्रात माणूस पकडता येतो.

ठकीचं पत्र आलं होतं. मामाच्या चित्रांखालच्या पाट्या लिहायचं काम मिळाल्यापासून आमची लेक वसतिगृहात कमी आणि तुझ्या हॉलवर जास्त असते, असं दिसतंय. तिचं म्हणणं, यांना स्थिरचित्रं म्हणतात खरं, पण एकही वस्तू जागेवर स्थिर नाही. किटली कलंडायच्या बेतात, खुर्ची पळायच्या तयारीत आणि टोपलीतले कांदे एकमेकांवर रुसलेले. रंग म्हणे मामा सुरीने थापतो, गवंडी गिलावा करतो तसा. वाचून मी खूप हसले.

पुढे तिने सहज एक ओळ लिहिली होती, ती वाचली आणि हातातली शिवण तशीच राहिली. समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र आहे, पलंगाशेजारच्या टेबलाचं. पाण्याचा जग, औषधाची बाटली, चमचा, अर्धवट सोललेलं संत्रं आणि पितळी घंटा. ते अण्णांचं टेबल आहे हे तिला कळलं नाही, तेव्हा ती बारा वर्षांची होती. मला कळलं.

रंगोबा, ते चित्र लावू नकोस. त्या रविवारी मी तीन रात्रींची जागी होते. तू आलास, मी बसतो म्हणालास, म्हणून आत जाऊन पडले. जायच्या आधी अण्णांना औषध द्यायचं आणि घंटा त्यांच्या हाताशी ठेवायची, एवढंच माझं काम होतं. घंटा जगाच्या मागे राहिली. तू गेल्यावर अण्णांना जाग आली, घंटा घ्यायला ते उठले आणि पडले. चौथ्या दिवशी आपले वडील गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादाने सगळ्यांदेखत मला विचारलं की हाताशी घंटा ठेवायला किती अक्कल लागते. त्याला आता सहा वर्षं होतील. तेव्हापासून दादाने माझा उंबरा ओलांडलेला नाही, आणि मीही बोलावलं नाही, कारण तो खोटं काय बोलला होता? आता तोच दादा तुझ्या उद्घाटनाला येणार, हेही मला ठकीकडूनच कळतंय. त्याच्यासमोर ते टेबल टांगणार आहेस का? बाकीची बावीस चित्रं आहेत ना तुझी. तेवढं एक भिंतीकडे तोंड करून ठेव.

जेवणाच्या वेळा पाळ. रंगाचे हात पावाला लावू नकोस. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
ताई


९ ऑक्टोबर

ती. ताईस,
रंगोबाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, कान पिळून घेतले. उत्तराला चार दिवस लागले, कारण माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. सकाळी हॉलवर जातो, दुपारी खोलीवर परततो, दाराला कुलूप लावलंय की नाही हे बघायला जिन्यातून मागे फिरतो, आणि तिथूनच पुन्हा हॉलवर. चित्रं तीनदा टांगली, तीनदा उतरवली. हॉलवाल्या बाईंनी शेवटी मला एक स्टूल दाखवलं आणि सांगितलं की त्यावर बसून राहणं हेच माझं आजचं काम. मी सात मिनिटं बसलो.

हॉल म्हणजे पूर्वीचं कागदाचं गोदाम. भिंती उंच, खिडक्या छतालगत, आणि जमीन अशी घासलेली की बाई स्वतः कापडी सपाता घालून वावरतात. दिव्यांचं काम करणारा वायरमन दिवसभर शिडीवर असतो. माझं भांड्यांचं चित्र त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला की असाच पसारा माझ्याही घरी आहे, पण तिथे फीत कापायला कोणी येत नाही. तुझी ठकी इतकी हसली की पाटीवर शाई सांडली. पोरगी गुणाची आहे, अक्षर तुझ्यावर गेलंय.

माझी खोड तुला ठाऊक आहे. कुठलीही वस्तू जिथे आहे तिथे मला सोसत नाही. आमचे ड्रॉइंग मास्तर सांगायचे, वस्तू सापडली तशी काढतो तो कारकून. आधी हात लावा, चार बोटं इकडे करा, चार बोटं तिकडे करा, मग कागदाला हात लावा. ती सवय हाडात मुरली. लोकांच्या घरी चहाला गेलो तरी कपबशा सरकवत असतो. काल बाईंशी बोलता बोलता त्यांचं सगळं टेबल मी नव्याने मांडलं, शेवटी टाचण्यांची डबी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

त्या चित्राचं म्हणशील तर ते उतरवता येणार नाही. मी हट्टाला पेटलोय असं समजू नकोस. अण्णांचं टेबल मी सहा वर्षांत एकोणीस वेळा काढलं. दर वेळी घंटा नव्या जागी ठेवून बघितली, दर वेळी सगळं खरवडून टाकलं. हे विसावं. हेच पहिलं, जे मला पुसता आलं नाही. का, ते या पत्रात लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि पान फाडलं.

एवढं मात्र मान की तुझी चूक दाखवायला ते लावलेलं नाही. दादाला मी मुद्दाम बोलावलंय, तेही तुझा पाणउतारा करायला नाही. तू उद्घाटनाला ये. नाही म्हणू नकोस.

भावोजींना नमस्कार. तुझ्या लोभावर आजवर उभा आहे, तो काढून घेऊ नकोस.

तुझा,
रंगोबा


१४ ऑक्टोबर

चि. रंगोबास,
ताईचे आशीर्वाद.

हॉल, वायरमन, टाचण्यांची डबी, सगळं वाचलं. नमनाला घडाभर तेल घालून शेवटी लिहिलंस काय, तर लिहिता येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काही सांगायचं असेल तर सांग, नसेल तर चित्र उतरव. मला दोन्ही चालेल, हे अधांतरी लटकणं चालत नाही. परवा एका गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

तुला वाटत असेल ताई उगाच बाऊ करतेय. तर ऐक. त्या दुपारी दीड वाजता मी अण्णांना औषध दिलं. चमचा पुसला. बाटलीचं झाकण लावलं. अण्णांनी संत्रं नको म्हणून मान हलवली. इथपर्यंत मला सगळं लख्ख दिसतं. त्यानंतर माझा हात घंटेकडे जातो आणि पुढे काही नाही. सहा वर्षं मी रोज तो हात पुढे न्यायचा प्रयत्न करते. पलंगाकडच्या कडेला घंटा ठेवल्याचं आठवेल, निदान जगामागे ठेवल्याचं तरी आठवेल. काहीच आठवत नाही. जे केल्याचं आठवत नाही, त्याची माफी कशी मागायची, हे मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा मी तुलाही विचारलं होतं, तू निघालास तेव्हा घंटा कुठे होती. तू म्हणालास, लक्ष नव्हतं. हे तेव्हा म्हणाले होते की चित्रकार माणूस आणि लक्ष नव्हतं, हे काही पटत नाही. मीच ह्यांना गप्प केलं. म्हटलं, माझ्या चुकीत धाकट्याला ओढू नका.

दादा ठकीला वाढदिवसाला न चुकता पुस्तक पाठवतो. पार्सलावर तिचं नाव आणि आमचा पत्ता असतो, माझं नाव नसतं. मला त्याचा राग येत नाही, पण दारात पोस्टमन आला की मी ह्यांनाच पुढे करते. लहानपणी शाळेच्या वाटेवर ओढा लागला की मला पाठीवर घ्यायचा तो. त्याच्यासमोर त्या भिंतीपाशी मी उभी राहू शकत नाही. ते चित्र तिथे असेल तर मी येणार नाही. उद्घाटनाला नाही, आणि नंतरही नाही.

बघ काय करतोस ते. रागावून लिहिलंय, तरी लोभ कमी नाही, तूही कमी होऊ देऊ नकोस.

ताई


१७ ऑक्टोबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. या वेळी नुसता रीतीचा नाही.

तुझा हात घंटेकडे जातो तिथून पुढचं मी सांगतो. तू घंटा पलंगाकडच्या कडेला ठेवलीस. अण्णांचा उजवा हात जिथे पडत होता त्याच्या अगदी जवळ, रोज ठेवायचीस तिथेच. मी खुर्चीत बसून बघत होतो.

तू आत गेलीस. अण्णांना झोप लागली. मला नुसतं बसवेना. वही काढली आणि टेबल काढायला घेतलं. खिडकीतून ऊन थेट संत्र्यावर पडत होतं, सोललेली बाजू आतून उजळली होती, आणि बरोबर तिच्या पुढ्यात घंटा येत होती. मी ती उचलली. वाजू नये म्हणून आतला लोळा बोटाने दाबून धरला. जगाच्या मागे ठेवली. तिथे ती शोभत होती. पाऊण तास काढत बसलो. तीनच्या सुमाराला बसची वेळ झाली, अण्णा शांत झोपले होते, तुला उठवायचं नाही असं ठरलंच होतं. वही पिशवीत टाकली आणि पाय न वाजवता निघालो. जागं कोणालाच केलं नाही याचं बसमध्ये बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दादाने तुला तो प्रश्न विचारला, तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या क्षणी आलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तूच म्हणालीस की हो, माझंच चुकलं. आणि मी मिठाची गुळणी धरली. वाटलं, आज नको, अण्णा बरे झाले की सांगू. अण्णा गेले. मग वाटलं, दोन दिवसांनी. मग तू मला विचारलंस आणि मी लक्ष नव्हतं म्हणालो. ते एकदा म्हटल्यावर पुढे दर महिन्याला सांगणं आणखी कठीण होत गेलं. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, त्यात सगळं आहे, तारखेसकट.

आता चित्राचं. समोरच्या भिंतीवरचं चित्र पाच फूट रुंद आहे. घंटा जगाच्या मागेच आहे, मी ठेवली तिथे. टेबलाची पलंगाकडची कड मात्र मी एका जागी रंगवलेली नाही. बशीएवढा गोल कोरा कॅनव्हास आहे तिथे. बघणाऱ्यांना वाटतं ती शैली आहे. ती घंटेची जागा आहे.

दादाला उद्घाटनाआधी पत्र लिहून कळवावं असं मनात आहे. तू म्हणशील तसं करीन. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

रंगोबा


२० ऑक्टोबर

रंगोबा,

पत्र मिळालं. ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी उठून माझ्यासाठी चहा केला.

दादाला पत्र लिहू नकोस. पत्र लिहिणं सोपं असतं, वाचणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही. दादाने मला व्हरांड्यात दहा माणसांदेखत विचारलं होतं. तू हॉलमध्ये सगळ्यांदेखत सांग, त्या चित्रापाशी उभं राहून सांग. चित्र उतरवू नकोस.

मी येणार नाही. तू सांगितलंस की नाही, ते मला कळेल.

ताई


२९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

परवा संध्याकाळी पाचला उद्घाटन होतं. दादा पावणेपाचला हजर, कोटाला इस्त्री, खिशात नेहमीची दुमडती फूटपट्टी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मोजणीखातं त्याच्या खिशातून गेलेलं नाही. चाळीसेक माणसं होती. फ्रेमवाला, वर्तमानपत्राची एक बाई, माझे जुने विद्यार्थी. दादाने फीत कापली आणि आपला धाकटा भाऊ लहानपणापासून एका जागी बसत नव्हता, तो इतकी वर्षं एका टेबलाला चिकटून राहिला याचं आश्चर्य वाटतं, असं काहीसं बोलला. लोक हसले. मग बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

हात मी खिशात घातले. त्या चित्रापाशी गेलो आणि जे तुला लिहिलं तेच बोललो, तितकंच, पुढेमागे काही न लावता. ताईने घंटा हाताशी ठेवली होती, ती मी हलवली, आणि सहा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. वर्तमानपत्राच्या बाईने लिहायचं थांबवलं. कोणीतरी टाळी वाजवायला लागलं, भाषणाचाच भाग समजून, आणि मग एकटंच पडून थांबलं.

दादा पुढे आला. मला बाजूला केलं, म्हणजे ढकललं नाही, दारातून माणूस बाजूला करतात तसं केलं. चष्मा चढवला. त्या कोऱ्या गोलावर अंगठा आणि घंटेकडे करंगळी, अशी वीत टाकून बघितली. एका वितीत पोचेना. मग दुसरी टाकली. हॉलवाल्या बाई चित्राला हात लावायचा नाही म्हणून पुढे आल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. दादाने चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे न बघता तो कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला, ठकीने पाणी दिलं ते प्यायला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. गाडीला अजून दोन तास होते.

त्यानंतर मी हॉलवर गेलेलो नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतो. वाटलं होतं सांगून टाकल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालेलं नाही, आणि व्हावं असा माझा हक्कही नाही. टेबलावर तुझी तिन्ही पत्रं आहेत. ती मी पडली तशीच ठेवली आहेत, हलवलेली नाहीत.

एक ओळ लिहिलीस तरी पुरे. माया असू दे.

रंगोबा


३ नोव्हेंबर

चि. ताईस,
दादाचे आशीर्वाद.

सहा वर्षांनी लिहीत आहे. या पत्राचे तीन मसुदे फाडले. हा चौथा जसा होईल तसा टपालात टाकणार आहे. तुझ्या वहिनीने वाचायला मागितला, दिला नाही.

रंगोबाने काय सांगितलं ते ठकीने तुला कळवलं असेलच. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही. मला लिहायचं आहे ते वेगळं आहे.

नोकरीत चौतीस वर्षं मी हद्दी मोजल्या. शेताचा दगड सरकलेला सापडला की आमची रीत ठरलेली. जुना नकाशा बघायचा, दोन्ही शेजाऱ्यांना विचारायचं, दगडापाशी कोण कोण येऊन गेलं ते लिहून घ्यायचं. चौकशीशिवाय मी कधी कोणाला दोषी धरलं नाही, खात्यात माझं तेवढं नाव होतं. रंगोबा त्या दुपारी अण्णांपाशी बसला होता हे मला माहीत होतं. मी त्याला एक शब्द विचारला नाही. सरळ तुला विचारलं, आणि तेही विचारण्यासाठी नाही.

का, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून चार महिन्यांत मी एकदाही आलो नव्हतो. रजा मिळत नाही असं तुला कळवत होतो. रजा शिल्लक होती. आजारी माणसाच्या खोलीत मला बसवत नाही, जीव घाबरा होतो, म्हणून आलो नाही. त्या व्हरांड्यात सगळे माझ्याकडेच बघत आहेत असं मला वाटलं. कोणी मला काही विचारायच्या आत मी तुला विचारलं. नंतर तुझ्या घरी यायचं म्हटलं की तुझ्यापेक्षा मला माझीच लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा राग दाखवणं सोपं जातं.

आणखी एक. घंटा खरोखर तूच विसरली असतीस, तरीही तो प्रश्न विचारायचा मला हक्क नव्हता. चार महिने तू जागलीस, मी नाही.

पुढच्या बुधवारी सकाळच्या गाडीने येतो. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन. गुडघे कुरकुरतात, पण बसेन. ह्या माणसाविषयी काही लोभ उरला असेल तर तो असू दे.

दादा


१४ नोव्हेंबर

चि. रंगोबास,
ताईचे आशीर्वाद. ते मी कधी बंद केले नव्हते.

दादा बुधवारी आला. नऊ वाजता दारात उभा, हातात पिशवी, जमीन मोजायला आल्यासारखा घराकडे वरून खालपर्यंत बघत. मी दार उघडलं. घरात माझी दोन गिऱ्हाइकं होती. एक खुर्चीवर बसलेली आणि दुसरी कोटाच्या मापासाठी उभी, अंगभर टाचण्या टोचलेली. मी त्यांना नंतर या म्हणणार होते, पण दादाने थांबवलं. म्हणाला, मी बोललो होतो तेव्हाही परकी माणसं होती, आताही असू देत. आणि पत्रात लिहिलेलं सगळं त्याने उभ्याने सांगितलं, चार महिने, शिल्लक रजा, सगळं. टाचण्या टोचलेल्या बाईला हात खाली घेता येईनात. ती बिचारी दोन्ही हात पसरून रडत उभी होती, मग मीच तिचे डोळे पुसले. दादा चार दिवस राहिला. शिलाई मशीनवरची फळी एका बाजूने अर्धा इंच उतरली आहे हे त्याने पहिल्याच दिवशी शोधून काढलं आणि सरळ केली. जाताना मला वाकून नमस्कार करू लागला. मोठा भाऊ आहे, मी त्याचे हात धरले.

तुझं प्रदर्शन मी बघितलं. शेवटच्या दिवशी दादाबरोबर आले होते, तू हॉलवर येत नाहीस हे ठकीकडून कळलं होतं म्हणूनच आले. चित्रातलं मला कळत नाही, पण त्या टेबलापाशी उभं राहिल्यावर अण्णांचा खोकला ऐकू आला. तू चांगला चित्रकार आहेस. हे मी रागाच्या भरात नाकारणार नाही.

आता तुझं आणि माझं. घंटा हलवलीस, त्याचा मला राग नाही. तो अपघात होता, तुझ्या खोडीतून झाला, आणि तसा कोणाच्याही हातून होईल. दादाचाही राग गेला. तो चुकला तो एकदाच, मोठ्याने, सगळ्यांदेखत. अशा माणसाचं काय करायचं ते मला कळतं. रागवायचं, आणि तो आला की दार उघडायचं.

पण तू गेला नाहीस. तू सहा वर्षं दर महिन्याला माझ्या घरी येत राहिलास. माझ्या ताटाशेजारी बसून जेवलास. शर्टांची बटणं लावून घेतलीस. अण्णांची आठवण निघून मी रडायला लागले की पाठीवरून हात फिरवून म्हणायचास, ताई, होतं असं माणसाच्या हातून, किती मनाला लावून घेशील. तो हात किती बरा वाटायचा मला. आता त्या हाताचं काय करू, हे मला कळत नाही.

म्हणून सध्या येऊ नकोस. पत्रं लिहीत जा, मी वाचेन, पण उत्तर येईलच असं धरू नकोस. खाली लोभाची ओळ लिहायला घेतली होती. लिहवली नाही. मनापासून लिहिता येईल त्या दिवशी लिहीन, आणि त्या पत्रापाठोपाठ तू ये.

ताई